राजपुत्राचा स्वभाव

नव्वदच्या दशकात मामाच्या ऑफिसात एक कॉम्प्युटर होता. जेवणाच्या सुट्टीत मामा डबा उघडायचा आणि आम्ही भाचरं कीबोर्डवर तुटून पडायचो. गेम एकच, 'प्रिन्स'. पूर्ण नाव 'प्रिन्स ऑफ पर्शिया', पण ते कुणी घेत नसे. पांढऱ्या कपड्यांतला एक पोरगा तळघरात पडतो, मागे लोखंडी दार आपटतं, हातात तलवारही नसते आणि साठ मिनिटांत त्याला मनोऱ्यातल्या राजकन्येपर्यंत पोचायचं असतं. एक जण बाणाची बटणं सांभाळायचा, दुसरा शिफ्टवर बोट ठेवून बसायचा, कारण कडेला लोंबकळायचं तर शिफ्ट सोडून चालत नसे. जमिनीतून सुळे वर येणारी जागा दिसली की तिसरा दबक्या आवाजात म्हणायचा, "हळू, हळू, शिफ्ट दाबून चाल." मोठ्या मामेभावाला 'मेगाहिट' हा चीट कोड ठाऊक होता. तो घालून गेम सुरू केला की शिफ्ट आणि एल दाबून थेट पुढची लेव्हल. आम्ही तो फारसा वापरला नाही. राजपुत्राला असं उचलून पुढे ठेवलं की तो आपला राहत नाही, असं काहीसं वाटायचं. तेव्हा ते शब्दांत सांगता आलं नसतं.

या पोराला ना नाव होतं ना आवाज. सबंध गेममध्ये तो एक अक्षर बोलत नाही. तरी तो कसा आहे हे आम्हाला पक्कं माहीत होतं. पळताना त्याला थांबवलं तर तो जागच्या जागी थांबत नाही, थोडा घसरतो. कडेवर चढताना सगळं अंग ओढून वर घेतो. उंचावरून पडला की त्याला लागतं. हा पोरगा धाडसी आहे, पण मरणाला घाबरणारा आहे, हे त्याच्या चालीतूनच कळत होतं.

ती चाल एका खऱ्या मुलाची होती. जॉर्डन मेकनर या अमेरिकन तरुणाने १९८५ मध्ये आपल्या धाकट्या भावाला, डेव्हिडला, पांढरे कपडे घालून पळायला आणि उड्या मारायला लावलं आणि त्याचं व्हिडिओ चित्रण केलं. मग त्यातली एकेक चौकट गिरवून ती 'ॲपल टू' कॉम्प्युटरच्या पडद्यावर आणली. तलवारबाजीसाठी त्याने १९३८ च्या रॉबिन हूडवरच्या चित्रपटातलं द्वंद्व समोर ठेवलं. गेम १९८९ मध्ये बाजारात आला, आणि डॉसवर चालणारी त्याची आवृत्ती पुढच्या वर्षी. आमच्यापर्यंत पोचली ती हीच.

या हालचालींनी कॉम्प्युटरची मेमरी खाऊन टाकली होती. राजपुत्राला तोलामोलाचा शत्रू हवा होता, पण शत्रूची नवी चित्रं ठेवायला जागाच उरली नव्हती. तेव्हा मेकनरने राजपुत्राचीच चित्रं घेतली, आकडेमोडीची एक छोटी युक्ती त्यांवर चालवली आणि तीच चित्रं झिलमिलत्या सावलीसारखी दिसायला लागली. शत्रू तयार झाला. चौथ्या लेव्हलला आरशातून उडी मारली की ही सावली राजपुत्रातून बाहेर पडते आणि त्याचा जवळजवळ सगळा जीव घेऊन जाते. पाचव्या लेव्हलला ती त्याच्या वाट्याचं औषध पिऊन टाकते. सहाव्या लेव्हलला त्याच्या तोंडावर दार पाडते. आणि बाराव्या लेव्हलला ती तलवार घेऊन समोर उभी राहते.

आम्ही तिला मारायला गेलो. वार तिला बसला की जीव आपलाच कमी व्हायचा. किती वेळा मेलो त्याला हिशेब नाही. शेवटी एका दुपारी कुणीतरी हताश होऊन तलवार म्यान करायचं बटण दाबलं, तर समोरच्यानेही तलवार म्यान केली. दोघं एकमेकांकडे चालत आले आणि एक झाले. पुढे नुसती पोकळी होती. राजपुत्र तिच्यात पळत सुटला आणि त्याच्या पायाखाली एकेक फरशी उमटत गेली. मामा डबा तसाच ठेवून आमच्या मागे येऊन उभा राहिला होता.

कादंबरीतल्या नायकाचा स्वभाव आपण वाचतो, सिनेमातल्याचा पाहतो. गेममध्ये तो आपल्याला निभवावा लागतो. रागीट माणसाची गोष्ट वाचणं वेगळं आणि वीस तास त्याच्या वतीने रागावणं वेगळं. त्यामुळे गेमचा नायक सज्जन आहे की दुर्जन, गोड आहे की खडूस, हे मला तितकंसं महत्त्वाचं वाटत नाही. त्याचा स्वभाव आणि आपल्या बोटांना लावून दिलेलं काम यांचं जमतं की नाही, यावर सगळा आनंद अवलंबून असतो. आमचा मुका राजपुत्र स्वतःशी लढणं सोडतो, तेव्हा तलवार म्यान करणारं बोट आमचं असतं. त्याला आलेलं शहाणपण आम्हालाही त्याच क्षणी आलेलं असतं.

पडद्यावरचा देह आपल्या अंगात कसा शिरतो याचा एक प्रयोग प्रसिद्ध आहे. निक यी आणि जेरेमी बेलेन्सन या संशोधकांनी २००७ मध्ये तो मांडला. आभासी जगात काही जणांना उंच देह दिला, काही जणांना बुटका, आणि मग पैशांची वाटणी करायला बसवलं. उंच देह मिळालेले लोक जास्त हक्काने घासाघीस करत होते, आणि बुटका देह मिळालेले लोक गैरवाजवी वाटणीलाही तुलनेने लवकर हो म्हणत होते. खऱ्या आयुष्यात कोण किती उंच आहे याचा इथे काही संबंध नव्हता. रूपं बदलणाऱ्या ग्रीक देवावरून या परिणामाला 'प्रोटियस इफेक्ट' असं नाव पडलं. थोडा वेळ उसनी घेतलेली उंची माणसाला इतकं बदलत असेल, तर महिनाभर रोज रात्री पांघरलेला स्वभाव किती बदलत असेल!

आमच्यासाठी राजपुत्राला आवाज मिळाला २००३ मध्ये. 'द सँड्स ऑफ टाइम' हा गेम उबिसॉफ्टच्या माँट्रियल इथल्या स्टुडिओने केला आणि कथा लिहायला मेकनर स्वतः आला. कथेची सुरुवात हिंदुस्थानात होते. पर्शियाचं सैन्य एका महाराजाचा राजवाडा लुटतं. वडिलांच्या नजरेत मोठं व्हायचं म्हणून राजपुत्र सगळ्यांच्या आधी खजिन्यात घुसतो आणि एक खंजीर पळवतो. पुढे अझादच्या राजवाड्यात, वजिराच्या बोलण्याला भुलून, तो खंजीर एका प्रचंड वाळूच्या घड्याळात खुपसतो. वाळू उसळते आणि सगळी माणसं राक्षस होतात. त्यांत त्याचा बापही असतो, आणि त्या बापाशी त्याला, म्हणजे आपल्याला, लढावं लागतं.

हा राजपुत्र पहिल्या तासाभरात आवडण्यासारखं काहीच करत नाही. तो घमेंडी आहे, श्रीमंत बापाचा लाडावलेला मुलगा आहे. महाराजाची मुलगी फराह सोबतीला येते, तिच्याशीही तोऱ्यात वागतो. आणि तरी तो मला सगळ्या गेममधल्या नायकांत जवळचा वाटतो. त्याचं कारण त्या खंजिरात आहे.

खंजिरात थोडी वाळू मावते. उडी चुकली, राजपुत्र दरीत पडायला लागला की एक बटण दाबून धरायचं. सगळं चित्र उलटं फिरतं. पडणारा देह वर येतो, तुटलेली फळी जुळते, पाय पुन्हा कडेवर टेकतात. मग बटण सोडायचं आणि उडी नीट मारायची. ज्याच्या हातून घोर चूक झाली आहे, अशा माणसाला जगात दुसरं काय हवं असतं? गेलेला क्षण परत हवा असतो. राजपुत्राच्या मनात जे घोळतंय तेच आपलं बोट दर दोन मिनिटांनी करत असतं. एरवी हे बटण म्हणजे नुसती सवलत झाली असती. इथे तो त्याचा पश्चात्ताप आहे.

त्यात ही सगळी गोष्ट तोच सांगतो आहे. कुणाला, ते आपल्याला माहीत नसतं. आपल्या हातून तो मेला की त्याचा आवाज ऐकू येतो: छे, हे असं घडलं नव्हतं, पुन्हा सांगतो. म्हणजे आपलं चुकणं ही त्याच्या जिभेची चूक ठरते! मेल्यावर चिडायच्या ऐवजी आपण त्याच्या बाजूने होतो. युरी लोवेंथाल या कलाकाराने तो आवाज दिला आहे. त्यात खानदानी तोरा आहे आणि त्याखाली एक कोवळेपण आहे. फराहशी भांडण झालं की राजपुत्र भिंतीवरून पळता पळता स्वतःशीच पुटपुटतो, तिला बोलायच्या वाक्याची उजळणी करतो, मग मीच चुकलो म्हणतो. गेम पुढे सरकतो तसतसे त्याचे उंची कपडे फाटत जातात. शेवटाकडे तो उघड्या छातीने, धुळीत माखलेला, जवळजवळ आमच्या त्या जुन्या मुलासारखा दिसायला लागतो.

एका अंधाऱ्या जागी फराह त्याला एक गुपित सांगते. लहानपणी भीती वाटली की उच्चारायला आईने तिला एक शब्द दिला होता, 'काकोलुकिया'. पंचतंत्र वाचलेल्या कुणाच्याही कानाला हा शब्द लगेच ओळखीचा वाटेल. कावळे आणि घुबडांच्या वैराचं तिसरं तंत्र, त्याचं नाव काकोलूकीय. शेवटी राजपुत्र सगळा काळच उलटा फिरवतो. वाळू उसळलीच नाही, कुणी मेलंच नाही, पण त्यामुळे फराह त्याला ओळखतही नाही. गोष्ट तो तिलाच सांगत होता, हे आता आपल्याला कळतं. तिला अर्थातच ती खरी वाटत नाही. जाताना तो तिच्याजवळ तो एक शब्द उच्चारतो. ती चमकते, कारण तो तिने कुणालाच सांगितलेला नसतो. मागे घेण्याचं बटण आपण शेकडो वेळा दाबलेलं असतं. त्याची किंमत काय असते ते या एका शब्दाने कळतं.

पुढच्याच वर्षी, २००४ मध्ये, 'वॉरियर विदिन' आला आणि राजपुत्र ओळखू येईना. डोळ्यांत खुन्नस, आवाज घोगरा, तोंडात शिव्या, मागे हेवी मेटल संगीत. आवाज देणारा कलाकारही बदलला होता. पहिला गेम अमेरिकेत तेरा वर्षांवरच्या मुलांना खुला होता, हा सतरा वर्षांवरच्यांसाठी ठरला. मेकनर या गेममध्ये नव्हता, आणि त्यातली हिंसा आणि एकंदर रंगरूप आपल्याला रुचलं नाही हे त्याने पुढे जाहीरपणे सांगितलं. भिंतीवरून पळणं तेच, काळ मागे फिरवणं तेच, उड्या त्याच. लढाई तर आधीपेक्षा कितीतरी चांगली, कारण आधीच्या गेममधली मारामारी एकसुरी आहे ही तक्रार रास्तच होती.

हा गेम आवडणारे खूप आहेत आणि त्यांच्याशी माझं भांडण नाही. लढताना त्याचा राग बोटांत उतरतो, आणि तिथे मेळ बसतो. पण या गेमचा मोठा भाग लढाईचा नाहीच. अर्धा वेळ आपण एखाद्या उंच दालनात उभे राहून शांतपणे बघत असतो: तो खांब, मग ती कड, मग तो पडदा, मग उडी. हे सुताराच्या नजरेचं काम आहे, तिथे घाई चालत नाही. आत्ता गर्जना करून गेलेला माणूस पुढची दहा मिनिटं अंतरं मोजतो आहे, हे मनाला पटत नाही. काळ मागे फिरवण्याचं बटणही आहे तिथेच आहे, पण या माणसाला कशाचाच पश्चात्ताप नाही. ते बटण आता नुसतं बटण उरलं.

याच गेममध्ये एक पाठलाग आहे आणि तो विसरता येत नाही. राजपुत्राने काळाशी खेळ केला, खरं तर तो मरायला हवा होता, म्हणून दहाका नावाचा काळाचा राखणदार सात वर्षं त्याच्या मागावर आहे. दहाका प्रकट होतो तेव्हा पडद्यावरचे रंग उडतात आणि तलवारीचा काही उपयोग नसतो. नुसतं पळायचं. अशा वेळी राजपुत्राचा सगळा आव गळून पडतो, आणि नेमकी तीच मिनिटं या गेममध्ये सगळ्यात उत्तम आहेत. घाबरलेला माणूस पळतो आहे, आणि आपलं बोटही घाबरून पळतं आहे.

गोष्ट एक सांगते आणि खेळणं दुसरंच सांगतं, या विसंगतीला २००७ मध्ये क्लिंट हॉकिंग या गेम-रचनाकाराने नाव दिलं, 'ल्युडोनॅरेटिव्ह डिसोनन्स'. त्याच्यासमोर उदाहरण होतं 'बायोशॉक' या गेमचं. खेळण्याचे नियम तिथे स्वार्थ साधायला शिकवतात आणि गोष्ट दुसऱ्यासाठी झटायला लावते, असं त्याचं म्हणणं. तेव्हापासून हे नाव सगळीकडे वापरलं जातं, कधी कधी गरजेपेक्षा जास्तच. मला त्यात एक भर घालावीशी वाटते. ही फट बहुतेक वेळा गोष्ट आणि नियम यांच्यात पडण्याआधी स्वभावात पडलेली असते. खेळणाऱ्याला ती डोक्याने कळायच्या आधी हाताला कळते.

२००५ च्या 'द टू थ्रोन्स'मध्ये करणाऱ्यांनी तोडगा काढला आणि तो फार सुंदर आहे. त्यांनी रागीट राजपुत्राला हाकललं नाही. लोवेंथालचा जुना आवाज परत आणला, आणि राग एका दुसऱ्या राजपुत्राच्या रूपाने त्याच्या डोक्यात ठेवला. हा काळा राजपुत्र त्याच्याशी सतत वाद घालतो, टोमणे मारतो, आणि अधूनमधून अंगाचा ताबाच घेतो. ताबा घेतला की हातात साखळीचा चाबूक येतो, ताकद वाढते, पण जीव मात्र क्षणाक्षणाला गळत राहतो. वाळू मिळवली तरच तगतो, पाण्याचा स्पर्श झाला की उतरतो. राग असाच असतो. ताकद देतो आणि आतून पोखरतो. इथे ते सांगायला संवादांची गरजच पडत नाही, कमी होत जाणारी जीवरेषा बघत आपण वेड्यासारखे पळत सुटतो.

शेवटी राजपुत्राच्या मनाच्या आत दोघं समोरासमोर येतात. आपण मारायला धावतो, आणि त्याने काही होत नाही. फराहची हाक येते. काळ्या राजपुत्राकडे पाठ फिरवून तिच्या दिशेने चालायला लागलं की तो मागे राहतो, ओरडत. मी हे पहिल्यांदा खेळलो तेव्हा हात थांबले. मामाचं ऑफिस आठवलं, तो उघडा डबा, ती म्यान केलेली तलवार. सोळा वर्षांनी त्याच मुलाने तेच केलं होतं.

या राजपुत्राच्या घराण्यातून एक फांदी बाहेर गेली, तिची कथा थोडक्यात सांगतो. 'सँड्स'चा दिग्दर्शक पॅट्रिस देझिले याने पुढच्या राजपुत्राच्या गेमसाठी राजपुत्राचं रक्षण करणारा मारेकरी नायक म्हणून सुचवला. ती कल्पना राजपुत्राला सोडून गेली आणि २००७ मध्ये 'असॅसिन्स क्रीड' झाली. पहिला नायक अल्ताइर थंड, अलिप्त. कसबी, पण त्याच्याशी ओळख म्हणून होत नाही. २००९ मध्ये आला फ्लॉरेन्सचा एत्सियो. बोलघेवडा, प्रेमात पडणारा, भावावर जीव टाकणारा. त्याची सुरुवात त्याच्या जन्मापासून होते, आणि त्या तान्ह्या बाळाचे हातपाय आपण एकेक बटण दाबून हलवतो. त्या चार बटणांत तो आपला होतो. त्याच्यावर लागोपाठ तीन मोठे गेम निघाले, यात मला नवल वाटत नाही.

राजपुत्र २००८ मध्ये पुन्हा नव्याने आला. या वेळी तो राजपुत्रसुद्धा नव्हता. सोनं लादलेलं गाढव वाळूच्या वादळात हरवून बसलेला एक भटक्या, आणि त्या गाढवाचं नाव फराह. सोबत एलिका नावाची राजकन्या. या गेममध्ये मरण नाही. दरीत पडलात की प्रत्येक वेळी एलिकाचा हात येतो आणि तुम्हाला वर काढतो. हे फार सोपं झालं अशी ओरड पुष्कळ झाली. पण त्यामुळे एक गोष्ट घडते. पंधरा-वीस तासांत तो हात इतक्या वेळा आलेला असतो, की त्याची मोजदाद राहत नाही. दोघांचं बोलणंही गेमने आपल्यावर लादलेलं नाही. बटण दाबलं तर ती दोघं बोलतात, नाही दाबलं तर गप्प राहतात. सुरुवातीला तो नुसती थट्टा करत असतो. बटण दाबत राहिलं तर हळूहळू त्या थट्टेमागचा एकटा माणूस दिसायला लागतो.

अहरिमान नावाच्या अंधाराच्या देवाला कोंडण्यासाठी शेवटी एलिका स्वतःचा जीव देते. तो तिला उचलून मंदिराबाहेर आणतो, चबुतऱ्यावर निजवतो. गेम करणाऱ्यांची नावंही येऊन जातात. आता संपलं असं वाटतं, पण संपत नाही. राजपुत्र उभाच असतो, आणि त्याला हलवायचं आपल्या हातात असतं. आजूबाजूला जीवनाची झाडं आहेत. ती तोडली, मग मंदिरातलं मूळ झाड तोडलं, की एलिका उठेल आणि अंधार सुटेल. ज्यासाठी ती मेली ते सगळं वाया जाईल. तो ते करणार हे उघड आहे, त्याचा स्वभावच तसा आहे. पण करायला बोट आपलं लागतं.

माझी धाकटी मामेबहीण हा गेम माझ्याकडे बसून खेळली. पहिल्या झाडापाशी आली आणि थांबली. "दादा, हे नाही तोडलं तर?" मी म्हटलं, काहीच होणार नाही, तो असाच उभा राहील. तिने कंट्रोलर सतरंजीवर ठेवला आणि बराच वेळ पडद्याकडे बघत बसली. वाळवंटात वारा वाहत होता, तो उभा होता, ती चबुतऱ्यावर निजलेली होती. आतून आईने चहा झाल्याची हाक दिली. बहीण उठली, दोन पावलं गेली, परत आली, कंट्रोलर उचलला आणि म्हणाली, "याला नाही जमणार तिला सोडून जायला." आणि तिने पहिलं झाड तोडलं.